आठ हातांचे यंत्र, एका बोटाचे काम

मालवणच्या किनाऱ्यापासून काही मैल आत असलेले कट्टा हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव. शाळा, बँक, दवाखाना, सातबाऱ्याचा उतारा आणि मुलांच्या शाळाप्रवेशाचे अर्ज यांसाठी माणसांची पावले तिकडे वळतात. अशा गावात आज दहा हजार रुपयांच्या आतबाहेर जो मोबाईल विकला जातो, त्यात सर्वसाधारणपणे आठ प्रोसेसर असतात. म्हणजे एका डबीत आठ स्वतंत्र हिशेबनीस बसलेले असतात आणि आठही जण एकाच वेळी वेगवेगळी आकडेमोड करू शकतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील, पतपेढीच्या टेबलावरील आणि छायाचित्रकाराच्या दुकानातील संगणकांत असे चार, सहा किंवा आठ हिशेबनीस असतात. त्यांना नेमके कोणते काम दिले जाते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हे यंत्र कोणत्या मार्गाने येथवर आले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे महत्त्व कळते. १९८० नंतरच्या दशकात अतिवेगवान संगणक मिळविण्यासाठी भारताला अमेरिकेच्या दारात ताटकळावे लागले. हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचे एक यंत्र अनेक अटींसह मिळाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक शक्तिमान यंत्र मात्र मिळाले नाही. या नकारातून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, उभे राहिले. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने तीन वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ हा संगणक तयार केला. त्यातील युक्ती सांगावयास सोपी, पण करावयास अवघड होती. एक अतिशय वेगवान प्रोसेसर मिळत नसेल, तर बाजारात मिळणारे अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडावेत, काम त्यांच्यात वाटून द्यावे आणि उत्तरे पुन्हा एकत्र करावीत. यासाठी ब्रिटनमध्ये तयार होणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे प्रोसेसर वापरण्यात आले. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. अशा २५६ प्रोसेसरांचा परम सेकंदाला सुमारे १ अब्ज क्रिया करू शकत असे.

आजचा साधा मोबाईल त्या परमपेक्षा वेगवान आहे. हे विधान चमत्कार म्हणून ऐकून सोडून देण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः त्यामागे एक भौतिक कारण आहे. २००४ सालापर्यंत संगणक कंपन्या एकाच प्रोसेसरचा वेग वर्षागणिक वाढवीत होत्या. पुढे उष्णता आडवी आली. वेग वाढवावा तर बोटाच्या पेराएवढी चकती चुलीसारखी तापू लागली. तेव्हा इंटेलने २००४ साली एक नियोजित वेगवान प्रोसेसर मधेच सोडून दिला आणि २००५ साली एका चकतीवर दोन प्रोसेसर असलेले संगणक घरगुती बाजारात आले. पुण्यात नाइलाजाने पत्करलेला मार्ग सगळ्या जगाला नाइलाजाने पत्करावा लागला तो असा. त्यामुळे अनेक प्रोसेसरांचा संगणक ही मोठ्या सर्व्हरांपुरती मर्यादित वस्तू राहिलेली नाही. एकच प्रोसेसर असलेला नवा स्मार्टफोन किंवा संगणक आता दुकानात सहसा सापडणार नाही.

रापणीचे गणित

यंत्रात आठ प्रोसेसर आहेत म्हणून काम आठपट लवकर होईल, अशी समजूत विक्रेते करून देतात आणि गिऱ्हाईकही करून घेते. ती कोठे खरी ठरते आणि कोठे खोटी, हे मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. एक होडी जाळे घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडते आणि दुसरे टोक किनाऱ्यावर आणून देते. मग दोन रांगांतील माणसे दोन्ही दोर ओढू लागतात. ओढणारे हात वाढले तर ओढणे लवकर उरकते. परंतु होडीने जाळे घालून येण्याचा वेळ किनाऱ्यावर शंभर माणसे उभी केली तरी घटकाभरानेही कमी होत नाही. शिवाय दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहावी लागते. एक रांग पुढे गेली, तर तिला दुसरीसाठी थांबावे लागते.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. दहा तासांच्या कामातील एक तासाचे काम एकट्यानेच करावयाचे असेल, तर उरलेल्या नऊ तासांच्या कामावर हजार माणसे लावली तरी सगळे काम एका तासाच्या आत संपणार नाही. अनेक प्रोसेसरांचा उपयोग किती, हे प्रोसेसरांच्या संख्येपेक्षा कामाच्या स्वभावावर अवलंबून असते. पत्र टंकित करणे, दुकानाचे बिल काढणे, उताऱ्याचा अर्ज भरणे ही एका बोटाची कामे होत. त्यासाठी आठ प्रोसेसर असले काय आणि एक असला काय, फरक पडत नाही. अर्ज भरताना पडद्यावर जे चक्र फिरत राहते ते दूरच्या सर्व्हरची वाट पाहत असते. समोरचे आठही हिशेबनीस त्या वेळी हातावर हात ठेवून बसलेले असतात. सरकारी खरेदीच्या निविदांत प्रोसेसरांची संख्या अगत्याने नमूद होते आणि आलेले यंत्र टंकलेखनयंत्राच्या जागी बसते, हे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसते.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. काही कामे जन्मतःच वाटून घेण्याजोगी असतात. चित्राचा वरचा भाग तपासताना खालच्या भागाची वाट पाहावी लागत नाही. जुन्या पुस्तकाचे दहावे पान वाचताना नववे पूर्ण होण्याची गरज नसते. रात्रभराच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे ऐकता येतो. लग्नाचे चित्रण जोडणारा छायाचित्रकार आठ प्रोसेसरांकडून रोज काम करून घेतो, त्याला त्याची जाणीव असो वा नसो. तारकर्लीला पाण्याखाली काढलेली पर्यटकांची चित्रे संध्याकाळपर्यंत त्यांच्या हाती पडतात तीही याच बळावर. ध्वनी, चित्र आणि मजकूर यांची छाननी ही या यंत्राची खरी शेती आहे, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा शेतीला जागा पुष्कळ आहे.

काजू, आंबा आणि छातीचा फोटो

काजूचे उदाहरण पाहावे. बी वाफवावयाची, फोडावयाची, गर वाळवावयाचा, त्यावरील साल काढावयाची आणि मग प्रत वेगळी करावयाची, असा हा क्रम आहे. प्रतीची नावे एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्यावरून पडली आहेत : १८०, २१०, २४०, ३२० अशी. गर जितका मोठा आणि पांढरा तितका भाव अधिक. डागाळलेला किंवा तुकडा पडलेला गर खालच्या भावात जातो. कारखान्याचा नफा पुष्कळदा या शेवटच्या टेबलावर ठरतो, आणि त्या टेबलावर दिवसभर डोळे ताणून बसतात त्या बायका. मोठ्या कारखान्यांनी यासाठी यंत्रे आणली आहेत. गर घरंगळत खाली पडत असताना कॅमेरा त्याचे चित्र घेतो, यंत्र त्याचा रंग व आकार तपासते आणि नको असलेला गर हवेच्या झोताने बाजूला उडविते. हा सारा निर्णय क्षणाच्या अगदी लहान अंशात व्हावा लागतो. चित्र मुंबईच्या सर्व्हरकडे पाठवून उत्तराची वाट पाहावी, तर तोवर गर पेटीत जाऊन पडलेला असतो. हे काम जागेवरच व्हावे लागते आणि एका वेळी अनेक गर तपासावयाचे असल्याने ते अनेक प्रोसेसरांत वाटावे लागते.

अशी यंत्रे लहान कारखानदाराच्या किंवा बचतगटाच्या आवाक्यात नाहीत. परंतु २०१५ सालापासून तळहाताएवढ्या पट्टीवर चार प्रोसेसर असलेला ‘रास्पबेरी पाय’सारखा संगणक काही हजार रुपयांत मिळू लागला आहे. त्याला कॅमेरा जोडून मंद गतीचे, परंतु लहान कारखान्याला पुरेल असे प्रतवारीचे यंत्र तयार करणे हे अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना न झेपणारे काम नाही. येथे एक आक्षेप निघतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. टेबलावर बसणाऱ्या बायकांचे काय? काम कमी झाले तर त्यांच्या घरी येणारा पैसा कमी होणार, हे उघड आहे. मात्र लहान कारखान्याने यंत्र नाकारले म्हणून तो रोजगार टिकेल, हीही खात्री नाही. प्रतवारीत मागे पडलेला माल मोठ्या कारखान्यांच्या मालापुढे भाव गमावतो आणि कारखानाच बंद पडला तर सगळीच टेबले रिकामी होतात. यंत्राला प्रत शिकवावी लागते, आणि ती शिकविण्यास हजारो गरांची चित्रे पाहून ‘हा दोनशेचाळीस, हा डागी’ असे सांगणारे जाणकार लागतात. ते ज्ञान त्या बायकांजवळ आहे. त्याचा मोबदला त्यांना मिळेल, अशी रचना बचतगटांच्या मालकीच्या कारखान्यांत करता येईल. खाजगी कारखान्यांत ती आपोआप होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

हापूसचे दुखणे वेगळे आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नकली मालाविरुद्ध एक हत्यार हाती आले. परंतु अस्सल हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. फळ देखणे, वासही उत्तम, आणि कापले की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाचा विश्वास अशा एका फळाने उडतो आणि बागायतदाराचा त्यात दोष नसतो. क्ष-किरण किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरून साका आंबा न कापता ओळखता येतो काय, यावर संशोधन झालेले आहे. ते बागेतील पॅकिंगच्या शेडपर्यंत आणावयाचे, तर प्रत्येक फळाच्या चित्राची तपासणी तेथेच झाली पाहिजे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र यांनी काजूच्या वेंगुर्ला जातींच्या रूपाने बागायतदाराला मोठे देणे दिलेले आहे. अशा शेडमधील यंत्राकडेही त्यांनी आता तितक्याच आस्थेने पाहावे.

आंबा-काजूची गोष्ट उत्पन्नाची आहे. छातीच्या फोटोची गोष्ट आयुष्याची आहे. सिंधुदुर्गातील रोग्याला मोठा आजार झाला की घरची माणसे गोव्यात बांबोळीच्या इस्पितळाची वाट धरतात. क्ष-किरण चित्र वाचणारा तज्ज्ञ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असणे शक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयाच्या चाळणीसाठी संगणकाने वाचलेल्या क्ष-किरण चित्राला मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये देशात क्षयाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम निघाली. तीत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि चित्र वाचणारे संगणक यांचा उपयोग करण्यात आला. अशी प्रणाली तयार करणारी एक कंपनी मुंबईचीच आहे. चित्र वाचण्याचे हे काम अनेक प्रोसेसरांत सुखाने वाटले जाते आणि जवळच्या लहान संगणकावर, इंटरनेट नसतानाही, पार पडू शकते. संगणकाचे मत हे निदान नव्हे. संशयिताला वेगळे काढून थुंकीच्या तपासणीकडे पाठविणे एवढेच त्याचे काम, आणि ते त्याहून वाढविले जाऊ नये. पण काजूच्या टेबलावर वर्षानुवर्षे खोकत बसलेल्या बाईला बांबोळी गाठण्यापूर्वी दोन महिने आधी कोणी हटकले, तर तिच्यासाठी त्या दोन महिन्यांची किंमत मोठी आहे.

रेंज गेल्यानंतर

हे सारे मोठ्या सर्व्हरवर का करू नये, असा प्रश्न शहरातील वाचक विचारील. चित्र पाठवा, उत्तर घ्या; यंत्राची देखभाल दुसऱ्याकडे, वीजही दुसऱ्याची. शहरात हा युक्तिवाद बिनतोड आहे. कोकणात त्याचे उत्तर मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने दिले. १६ मे रोजी हे वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकले. माड आणि आंब्याची झाडे मोडून तारांवर पडली, विजेचे खांब उन्मळले, आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस ना वीज होती ना मोबाईलची रेंज. वादळ नसतानाही आषाढातील पावसात वाडीवरची रेंज किती टिकते, हे कोणत्याही घरात विचारावे. दूरच्या सर्व्हरवर विसंबणारी व्यवस्था नेमकी ज्या दिवशी हवी त्याच दिवशी गप्प होते. खिशातील आठ प्रोसेसर मात्र होडीच्या किंवा स्कूटरच्या बॅटरीवरही चालू ठेवता येतात.

मोठ्या यंत्राचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. हवामानाचे भाकीत हे मोठ्या यंत्राचेच काम आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले तेव्हा कोकणातील अनेक होड्या समुद्रातच होत्या, आणि कित्येक मच्छीमार घरी परतले नाहीत. त्यानंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे संगणक आले. मे २०२५ मध्ये भाकिताची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात समुद्र, वाळू, माड आणि सड्यावरची काजू हे सगळे एकाच हिशेबात बसत. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि प्रत्येक पावलाचा अवधीही निम्मा करावा लागतो, म्हणजे हिशेब जवळपास आठपट होतो. अशा कामाला हजारो प्रोसेसरच हवेत. तो खर्च योग्य ठिकाणी झाला आहे.

परंतु येथेही वारे बदलत आहे. मोठ्या यंत्रावर अनेक वर्षांच्या हवामान-नोंदी शिकवून तयार केलेली नवी प्रारूपे नंतर तुलनेने लहान यंत्रावर चालतात. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा प्रारूपांच्या आधारे पावसाच्या आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठविले. शिकविणे मोठ्याचे आणि चालविणे लहानाचे, ही श्रमविभागणी काजूच्या प्रतीला, छातीच्या फोटोला आणि पावसाच्या अंदाजाला सारखीच लागू पडते. तालुक्याच्या ठिकाणी बसून स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदी त्या अंदाजात मिसळणारा कृषी अधिकारी ही कल्पनाविलासाची गोष्ट राहिलेली नाही. त्याच्या टेबलावरचे यंत्र त्यासाठी पुरेसे आहे. तसे त्याला कोणी शिकविलेले मात्र नाही.

मालवणीला कान कोणाचे?

या सर्वांत एक उपयोग असा आहे की जो उत्पन्नाच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही आणि म्हणून सर्वांच्या मागे राहण्याची भीती आहे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले, पण संवाद नट रंगमंचावर उभा राहून त्या रात्री रचतो. कार्तिकापासून पुढे देवळादेवळांच्या जत्रांत होणारे हे प्रयोग कोणी कॅसेटवर, कोणी नंतर मोबाईलवर मुद्रित करून ठेवले. त्या ध्वनिफिती हीच या नाटकांची हस्तलिखिते होत. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मुळे आणि मच्छिंद्र कांबळींमुळे मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळाला. परंतु जत्रेतील रात्रीच्या संवादांना कागद मिळालेला नाही. फिती दमट हवेत बुरसटत आहेत आणि त्यांतील शब्द ओळखणारी पिढी उतरत आहे.

२०२२ साली ‘व्हिस्पर’ नावाची, बोललेले ऐकून लिहून देणारी प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. तीत मराठीचा समावेश आहे आणि ती इंटरनेटशिवाय, साध्या संगणकाचे सर्व प्रोसेसर कामाला लावून चालविता येते. प्रमाण मराठीत तिच्या चुका होतात. मालवणीत तर फारच होतील, कारण ती तिला कोणी शिकविलेलीच नाही. पण पहिला कच्चा मसुदा यंत्राने करावा आणि जाणत्या माणसाने तो सुधारावा, हे कोऱ्या कागदापासून लिहिण्यापेक्षा कितीतरी हलके आहे. सुधारलेला मजकूर पुन्हा यंत्राला शिकविता येतो. येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. हेच काम परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर फुकट करून मिळेल, परंतु आवाज तिच्या कोठारात गेला की त्याचे पुढे काय होईल, हे सांगणे ना कलावंताच्या हाती राहते ना गावाच्या. गावातील यंत्रावर केलेल्या कामाची प्रत गावात राहते. दशावतारी कलावंताचे उत्पन्न किती तुटपुंजे असते, हे पाहता त्याच्या आवाजाची मालकी हा चैनीचा प्रश्न मानता येणार नाही.

एवढे सगळे शक्य असताना ते होत का नाही? यंत्रांचा तुटवडा हे कारण नव्हे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींच्या मनातील संगणकाची भीती घालविली. हे काम लहान नाही. पण त्याने शिकविले ते टंकलेखन, तक्ता आणि टपाल. म्हणजे पुन्हा एका बोटाचे काम. काम वाटून देणे ही वेगळी विद्या आहे. कोणते तुकडे स्वतंत्र आहेत, कोणाला कोणाची वाट पाहावी लागेल, उत्तरे एकत्र कशी आणावयाची, हे आजच्या सोप्या संगणकभाषांत काही ओळींत लिहिता येते. रापण पाहिलेल्या मुलाला त्याची कल्पना पुण्याच्या मुलापेक्षा लवकर येईल असे म्हटले तर ती अतिशयोक्ती मानू नये. शालेय अभ्यासक्रमात मात्र तिला जागा नाही.

जबाबदारीचा मोठा वाटा अर्थातच सरकारकडे आणि सी-डॅकसारख्या संस्थांकडे जातो. २०१५ साली केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर केली आणि तिच्यातून पुण्यातील ‘परम ब्रह्म’सारखी यंत्रे उभी राहिली. संशोधकांना ती हवीच होती. परंतु परमची मूळ प्रेरणा ‘साध्या प्रोसेसरांकडून मोठे काम करून घेणे’ ही होती. ती प्रेरणा आज सर्वांत निकडीची असेल तर ती तालुक्यांच्या गावांत आहे. तेथे मोठी यंत्रे पाठविण्याची गरज नाही. प्रतवारी, क्ष-किरण, ध्वनिलेखन आणि जुन्या छापील मजकुराचे वाचन यांसाठी मराठीत चालणारे, विनामूल्य, इंटरनेटशिवाय चालणारे आणि यंत्रातील सगळे प्रोसेसर वापरणारे कार्यक्रम तयार करून देणे, ही अशा संस्थेला साजेशी कामगिरी ठरेल. मोहिमेच्या खर्चाच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असेल. खरेदीच्या निविदेत ‘किती प्रोसेसर’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या कामासाठी’ असा एक रकाना वाढविला, तर तेवढ्यानेही पुष्कळ यंत्रांची टंकलेखनातून सुटका होईल. लहान यंत्रे बिघडतात, त्यांत विषाणू शिरतात, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. पण गावातील मोबाईल दुरुस्त करणारी मुले रोज याहून नाजूक कामे करीत असतात.

कट्ट्यासारख्या गावातील एखाद्या माध्यमिक शाळेत चार-चार प्रोसेसरांचे दहा संगणक आहेत असे समजू. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत ते बंद असतात. एका जोडपेटीने आणि तारांनी ते एकमेकांना जोडले, तर चाळीस प्रोसेसर एका कामावर बसतात. सुरुवातीच्या परममध्ये चौसष्ट होते, आणि तेही आजच्या प्रोसेसरांच्या मानाने अगदी मंद. एका रात्रीत जत्रेतील एका दशावतारी प्रयोगाचा कच्चा मसुदा सहज तयार होईल, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या रात्री मोजल्या तर एका शाळेच्या वाट्याला दीडशेहून अधिक येतात. जोडपेटी आणि तारा कुडाळच्या बाजारात मिळतात. रात्रीच्या विजेचे बिल भरण्यास ग्रामपंचायत किंवा मुंबईकर चाकरमान्यांचे एखादे मंडळ तयार होईल. हे काम मांडून देणारा आणि मुलांना ते शिकविणारा एक शिक्षक तालुक्यागणिक नेमण्याचा निर्णय मात्र मंत्रालयातच व्हावा लागेल.